फाटला की निसटला? कर्वेनगरच्या एका जोडप्याचं प्रकरण

‘कंडोम फेल गेला’ असं कुणी सांगितलं की मी आधी एवढंच विचारते: फाटला की निसटला? भीती दोन्हींत सारखीच असते, गोळीसाठी धावपळही सारखीच होते. पण फाटण्यावरचा उपाय निसटण्यावर केला, किंवा उलटं केलं, तर दुखणं वाढतं. या प्रकरणात नेमकं तेच झालं होतं. जोडप्याने हे लिहायला संमती दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती २८ वर्षांची, एका सहकारी बँकेत नोकरीला. तो ३१ वर्षांचा, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तावर झालेलं. कर्वेनगरात दोन खोल्या-किचनचा फ्लॅट, सोबत त्याचे आईवडील. दोन वर्षं मूल नको हे दोघांनी आधीच ठरवलं होतं. वारज्याला बुक केलेल्या नव्या फ्लॅटचा हप्ता डोक्यावर होता. मे महिन्यात ती एकटीच दवाखान्यात आली, पाळी नऊ दिवस लांबली म्हणून.

लघवीची तपासणी निगेटिव्ह आली. मग चौकशी केली तेव्हा कळलं की मार्चमध्ये एक आणि गेल्या महिनाभरात दोन इमर्जन्सी गोळ्या झाल्या होत्या. तिन्ही वेळा कंडोम ‘फेल’ गेला होता.

“एवढ्या गोळ्यांनी गर्भाशय खराब झालं का, मॅडम?” तिला हीच धास्ती होती. पुण्यात ही समजूत इतकी घट्ट आहे की मुली गोळी घेतात आणि मग सहा-सहा महिने मनातल्या मनात घाबरत राहतात. गर्भाशय खराब होत नाही. गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असतं आणि ते मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडणं पुढे ढकलतं. त्यामुळेच पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते. गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी चांगली. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. शिवाय ती झालेल्या संबंधापुरतीच असते, पुढच्या वेळचं संरक्षण तिच्यात नाही. म्हणजे दुसऱ्यांदा कंडोम निकामी झाल्यावर तिने पुन्हा गोळी घेतली ते बरोबरच केलं. पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेतली तर ती गोळीपेक्षा जास्त खात्रीची ठरते, पण मेडिकलच्या काउंटरवर हे कोण सांगणार? शेवटच्या प्रसंगापासून तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी कर, असं तिला सांगितलं. त्याआधीच पाळी आली, आणि ती तपासणीही निगेटिव्ह निघाली.

पण तीन महिन्यांत तीनदा कंडोम दगा देतो, याला दैव म्हणून चालत नाही. म्हटलं, पुढच्या वेळी त्यांना घेऊन या.

तिसऱ्या वाक्यात प्रकरण फिरलं

शनिवारी संध्याकाळी, शेवटचा पेशंट गेल्यावर दोघं आले. तो भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघत बोलत होता. त्याचा निदानाचा भाग तयार होता: “ब्रँडच बकवास आहेत, डॉक्टर. तीन बदलले. सगळे फाटतात.”

क्रमाने विचारलं. मार्चमध्ये पहिल्यांदा फाटला. तो साधा, बाजारात सर्वत्र मिळणारा कंडोम होता. त्याने ऑफिसातल्या एका मित्राला विचारलं. मित्र म्हणाला, फाटतोय म्हणजे तुला लहान होतोय, लार्ज घे. (हा सल्ला ऐकून नाराज झालेला पुरुष मला अजून भेटायचा आहे.) त्याने ५६ मिलिमीटरचं मोठं पाकीट आणलं. एप्रिलअखेर एकदा आणि मेच्या सुरुवातीला एकदा, “तोही फाटला.”

इथे ती पहिल्यांदा बोलली. “अरे, ते दोन फाटले नव्हते. आत राहिले होते. मी काढलेत.”

तो गप्प झाला. मीही थोडा वेळ काही बोलले नाही, कारण त्या एका वाक्याने प्रकरणाचे दोन तुकडे पडले होते. पहिल्यांदा फाटला त्याचं कारण वेगळं, आणि नंतरचे दोन निसटले त्याचं कारण बहुधा पहिल्यावर केलेला इलाजच. नाडी सुटलेला पायजमा कंबरेवर राहत नाही, तसाच ढिला कंडोम राहत नाही. आणखी मोठा घेतला असता तर तिसऱ्यांदाही हेच झालं असतं.

मार्चचा कंडोम कसा फाटला होता? टोकाशी फुटला असता तर टोकात हवा अडकली असेल अशी शंका घेतली असती. तो बाजूने उभा चिरला होता. त्या दिवशी चिकटपणासाठी काही वापरलं होतं का, असं विचारल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लग्नानंतरचे पहिले महिने तिला त्रास व्हायचा, कोरडेपणा असायचा. “बाथरूममध्ये खोबरेल होतं,” ती म्हणाली.

खोबरेल तेल अंगाला उत्तम, लॅटेक्सला घातक. कंडोमचं लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. तेल लागलं की काही मिनिटांतच त्याची ताकद घसरू लागते, आणि डोळ्यांना काही दिसत नाही. व्हॅसलीन, बेबी ऑइल, तूप, बॉडी लोशन, सगळ्यांची तीच कथा. योनीत ठेवायच्या बुरशीवरच्या काही गोळ्या आणि मलमंही तेलकट पायाची असतात. त्या चालू असताना लॅटेक्सवर भिस्त ठेवू नये. पाण्याच्या किंवा सिलिकॉनच्या पायाचं जेल मेडिकलमध्ये मिळतं, तेच वापरायचं. थुंकी लवकर वाळते, तिच्या भरवशावर राहू नका. शिवाय कोरडेपणा हा तिचा दोष नाही. बहुतेक वेळा घाई असते, कधी भीती, आणि भिंतीपलीकडे सासूसासरे जागे असले तर तेही एक कारण असतं. हे मी दोघांना ऐकवलं, मुख्यतः त्याला.

पाकीट कुठे ठेवता, या प्रश्नावर उत्तर आलं: “स्कूटरच्या डिकीत.” कारण कपाट आई आवरतात. स्कूटर दिवसभर हिंजवडीच्या उघड्या पार्किंगमध्ये, एप्रिलच्या उन्हात. पुण्याचा पारा त्या दिवसांत ४० च्या घरात जातो, बंद डिकीत किती होत असेल याचा अंदाज करा. रबर उष्णतेने पिकतं. पैशाच्या पाकिटात ठेवणंही वाईटच, तिथे ऊब आणि घासणं दोन्ही असतं. थंड, कोरड्या, सावलीच्या जागी ठेवलेला कंडोम तयार झाल्यापासून साधारण पाच वर्षांपर्यंत टिकतो, तारीख पाकिटावर असते. पण डिकीतल्या कंडोमला ती तारीख लागू नाही, एवढं धरून चालायचं.

जागेचा प्रश्न तिने सोडवला. सॅनिटरी पॅडची पिशवी तिच्या कप्प्यात असते, तिला घरात कुणी हात लावत नाही. मला सुचलं नसतं. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या जोडप्यांना आता मी हा उपाय सांगते.

घेर मोजायचा, लांबी नव्हे

निसटण्याचा इलाज म्हणजे माप. मी त्याला कागदाची एक लांब पट्टी दिली. पूर्ण ताठरता असताना लिंगाच्या मध्यभागी, जिथे जाडी सर्वात जास्त आहे तिथे, पट्टी सैल न ठेवता गुंडाळायची, जिथे टोक जुळतं तिथे पेनाची खूण करायची आणि फूटपट्टीवर मोजायचं. दोरा नको, तो ताणला जातो. वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा मोजायचं, कारण प्रत्येक वेळी ताठरता सारखी नसते.

पुढच्या भेटीत त्याने फोनमधली नोंद दाखवली. पहिल्या ओळीत लांबी होती. मी ती विचारली नव्हती. खाली घेर होता: १०.५ सेंटिमीटर.

आता हिशेब. पाकिटावर छापलेली रुंदी म्हणजे कंडोम सपाट ठेवून मोजलेलं अंतर, मिलिमीटरमध्ये. तिची दुप्पट केली की न ताणलेल्या कंडोमचा घेर मिळतो. हा घेर आपल्या घेरापेक्षा साधारण दहावा हिस्सा कमी असावा, म्हणजे रबर किंचित ताणलं जातं आणि धरून ठेवतं. थोडं इकडेतिकडे चालतं. ५६ मिलिमीटरची दुप्पट ११.२ सेंटिमीटर, म्हणजे त्याच्या घेराहून मोठी. तो कंडोम त्याच्या अंगावर पकड घेऊच शकत नव्हता. ५३ चा झाला १०.६, तोही सैलच. आठवून तो म्हणाला, “आधीचाही मधेच वर सरकायचा, हाताने खाली करावा लागायचा.” ४९ चा होतो ९.८. हे त्याचं माप.

ढोबळपणे, घेर ११ सेंटिमीटरच्या आत असेल तर ४९ च्या आसपास, ११ ते १२ ला ५२-५३, आणि साडेबाराच्या वर ५६ किंवा त्याहून मोठा. कंपन्या ५२-५३ चा माल सर्वाधिक काढतात यात चूक नाही. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१५ साली एकूण पंधरा हजारांवर पुरुषांची मोजमापं एकत्र करून सरासरी काढली, तेव्हा ताठ अवस्थेतला घेर ११.६६ सेंटिमीटर निघाला. पण सरासरीवर शिवलेला शर्ट सगळ्यांना बसत नाही, हे कुठल्याही शिंप्याला कळतं. मेडिकलवाल्याला कळत नाही.

२००६ च्या अखेरीस एक बातमी जगभर चघळली गेली होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेसाठी झालेल्या पाहणीत हजारावर पुरुषांची मापं घेतली, आणि आंतरराष्ट्रीय मापाचे कंडोम निम्म्याहून अधिक जणांना मोठे पडतात असं दिसलं. हसण्यावारी नेली गेली ती बातमी, आणि सगळी चर्चा लांबीची झाली. खरं तर लांबी जास्त असली तर फारसं बिघडत नाही, उरलेली कड मुळाशी गुंडाळलेलीच राहते. घात होतो तो घेरात.

उलट बाजूही तेवढीच खरी. कंडोम नीट उलगडत नसेल, काढल्यावर लाल वळ बराच वेळ राहत असेल, घातला की ताठरता जात असेल, तर तो घट्ट असण्याची शक्यता तपासा. ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ म्हणून गावभरच्या जाहिराती वाचत फिरणाऱ्या काही पुरुषांचं दुखणं तीन मिलिमीटरचं असतं.

मेडिकलमधला प्रसंग

४९ चा शोधायला तो कर्वे रस्त्यावरच्या एका मेडिकलमध्ये गेला. “रुंदी किती आहे?” असं विचारल्यावर दुकानदाराने आधी त्याच्याकडे, मग मागे उभ्या असलेल्या आजींकडे पाहिलं आणि म्हणाला, “स्ट्रॉबेरी देऊ की चॉकलेट?” पाकीट हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचेपर्यंत त्याने ते वर्तमानपत्रात गुंडाळलंसुद्धा. रस्ता महर्षी कर्व्यांच्या नावाचा. त्यांच्या मुलाने, रघुनाथ धोंडो कर्व्यांनी, १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, नोकरी गमावली. शंभर वर्षांनी त्याच आडनावाच्या रस्त्यावर पुडी अजून कागदात गुंडाळली जाते, आणि आजी असल्या तर जरा जास्तच घट्ट.

पाकिटाच्या पुढच्या बाजूवर जे मोठ्या अक्षरांत असतं, त्याचा मापाशी संबंध नसतो. ‘अल्ट्रा थिन’ म्हणजे रबराची जाडी कमी, रुंदी तीच. ‘डॉटेड’, ‘रिब्ड’ हा पृष्ठभागाचा प्रकार. वासाचे कंडोम मुख्यतः तोंडाने केलेल्या संबंधासाठी, योनीत काहींना त्यांची जळजळ होते. रुंदी असलीच तर मागे किंवा बाजूला, उत्पादनाच्या तारखेजवळ, एवढ्याशा अक्षरांत असते. काही पाकिटांवर ती सापडतच नाही, अशा वेळी कंपनीच्या संकेतस्थळावर पाहायचं. लहान मापं काउंटरवर क्वचित असतात, ‘स्नग’ किंवा ‘क्लोज फिट’ अशा नावाने ऑनलाइन मिळतात. शेवटी त्यानेही तेच केलं. सरकारी दवाखान्यांत निरोध फुकट मिळतो, आणि ज्यांना ते माप बसतं त्यांनी तो जरूर घ्यावा. फुकट म्हणजे हलका असं नाही.

लाकडी नमुन्यावर

माप बदललं म्हणून मी त्यांना लगेच सोडलं नाही. टेबलावर लाकडी नमुना ठेवला आणि म्हटलं, नेहमी घालता तसा घाला.

त्याने पुडी दाताने फोडली. तिथेच थांबवलं. दात, नखं, कात्री, तिन्ही वर्ज्य. फोडण्याआधी पुडी बोटांत दाबून बघायची, आत हवेचा फुगा जाणवला पाहिजे. तो नसेल तर पुडीला कुठेतरी छिद्र आहे. खाचेपाशी हाताने फाडायची, कंडोम आधी एका कडेला सरकवून. पुढे त्याने तो उलटा ठेवला, उलगडेना म्हणून तोच पालटून सुलटा केला. हे फार घरांत होतं. उलट्या बाजूने लिंगाला लागलेला कंडोम पालटला की लागलेला द्रव बाहेरच्या बाजूला, म्हणजे तिच्याकडे जातो. तो टाकून नवा घ्यायचा. टोकाची जागा चिमटीत धरून हवा काढायची, मग मुळापर्यंत उलगडायचा.

“आणि आधी थोडं तसंच?” मी विचारलं. दोघंही हसले, म्हणजे उत्तर मिळालं. सुरुवातीला कंडोमशिवाय आणि शेवटी घालणं ही पद्धत गर्भ टाळायलाही जोखमीची आणि संसर्ग टाळायला तर सरळ निरुपयोगी. पहिल्या स्पर्शाआधी घालायचा.

निसटल्याच्या दोन्ही प्रसंगांत शेवट कसा झाला, हे विचारल्यावर निसटण्याचं दुसरं कारण सापडलं. दोन्ही वेळा तो नंतर तसाच पडून राहिला होता. वीर्य बाहेर पडल्यावर ताठरता ओसरते आणि अंगावर नीट बसलेला कंडोमही सैल होतो. ५६ चा तर होताच. ताठरता असतानाच, कंडोमची कड मुळाशी बोटांनी धरून, बाहेर यायचं. मग गाठ मारून, कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात नव्हे, सॅनिटरी कचऱ्याबरोबर वेगळा द्यायचा. कमोडमध्ये टाकू नका. सोसायटीचा प्लंबर पाइपातून काय बाहेर काढतो हे एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांसमोर पाहिलेलं मला पुरे आहे.

“दोन घातले तर?” हा प्रश्न येतोच. नाही. रबरावर रबर घासून दोन्ही फाटतात.

संसर्गाचा मुद्दा या दोघांपुरता लवकर संपला. लग्नाआधीचं दोघांनी मोकळेपणाने सांगितलं आणि एचआयव्ही, हेपटायटिस बीच्या तपासण्या करून घेतल्या. पण ज्यांच्या बाबतीत तसं नाही, त्यांनी कंडोम फाटल्यावर गर्भ राहण्याचीच काळजी करून थांबू नये. एचआयव्हीची शक्यता वाटत असेल तर ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच, ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात जायचं. २८ दिवसांचा औषधांचा कोर्स संसर्ग रोखू शकतो. १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन फुकट आहे, नाव विचारत नाहीत.

पुढे काय झालं

पहिल्या पंधरवड्यात त्याची तक्रार आली: ४९ चा घट्ट वाटतो. वळ राहतो का? नाही. उलगडायला त्रास? नाही. सैल कंडोमची सवय झालेल्या माणसाला नीट बसणारा घट्टच वाटतो, थोडे दिवस थांबा म्हटलं. आत जेलचा एक थेंब टोकात टाकला तर बरं वाटतं. फार नको, नाहीतर तोच घसरायला लागतो. महिनाभराने तक्रार आपोआप बंद झाली.

मधे एक वेगळंच निघालं. तिला एका रात्री बधिरपणा आणि नंतर जळजळ जाणवली. त्या दिवशी ४९ चा साठा संपला होता आणि त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘लाँग टाइम’ लिहिलेलं पाकीट आणलं होतं. अशा कंडोमच्या आतल्या बाजूला बेन्झोकेनसारखं बधिर करणारं औषध असतं. तो थोडा वर सरकला, औषध तिच्यापर्यंत पोचलं. याहून मोठा तोटा असा की स्वतः बधिर असलेल्या पुरुषाला कंडोम निसटतोय हे कळतच नाही. या जोडप्याचा इतिहास पाहता तो प्रकार त्यांनी कायमचा वगळावा, असं मी स्पष्ट सांगितलं. एरवीही मला तो आवडत नाही.

पावसाळा संपेपर्यंत पुन्हा फाटला नाही, निसटला नाही. तरी तिने एक प्रश्न विचारला, आणि तो योग्य होता: यावर किती विसंबायचं? दर वेळी, अचूक वापरला तर वर्षभरात शंभरातल्या साधारण दोन जोडप्यांत गर्भ राहतो. माणसं जशी वापरतात तशी, आळस आणि घाईसकट, वापरली तर सुमारे तेरा. तिला तेराचा आकडा पुरेसा मोठा वाटला. तांबीबद्दल सगळं समजून घेतलं, दिवाळीनंतर बसवून घ्यायचं ठरवलं. तोपर्यंत कंडोम, आणि एक इमर्जन्सी गोळी घरात आणून ठेवलेली, त्याच पॅडच्या पिशवीत.

त्याने मात्र ऑनलाइन स्वस्त पडतात म्हणून ४९ चे एकदम शंभर मागवले होते. तांबी बसल्यावर उरतील त्यांचं काय करू, ऑफिसातल्या त्या मित्राला दिले तर चालतील का, असं त्याने विचारलं. म्हटलं, आधी त्याला पट्टी द्या.